जुगनू

मृगाच्या आधी राधानगरीच्या झाडांवर काजवे लुकलुकतात. आमच्या उर्दू शाळेतली मुलं त्यांना जुगनू म्हणतात. या जुगनूचा आणि आमच्या खालाजानच्या आजाराचा काही संबंध असेल, असं आम्हाला कधी वाटलं नव्हतं.

खालाजाननी छातीतली गाठ आठ महिने लपवली. तपासणीत 'हर-टू तीन प्लस' असं आलं. आम्ही बी.एड. झालेले, विज्ञान शिकवणारे. तरी अर्थ डॉक्टरांनाच विचारावा लागला. पेशीच्या अंगावर रिसेप्टर असतात, जणू दारावरच्या कड्या. वाढीचा निरोप घेऊन आलेलं प्रथिन कडी वाजवतं आणि आत हुकूम जातो : वाढा. या निरोप्या प्रथिनांच्या शोधासाठी स्टॅन्ली कोहेन आणि रीटा लेव्ही-मोंटाल्चिनी यांना १९८६ साली नोबेल मिळालं. हर-टू हा असाच एक रिसेप्टर. स्तनाच्या कर्करोगात साधारण पाचातल्या एकीच्या गाठीत तो फार वाढलेला असतो. मग कडी आपली आपणच वाजत राहते.

आतली ही हालचाल बाहेर कळावी कशी? १९८५ मध्ये काजव्याच्या उजेडामागचं जनुक शास्त्रज्ञांनी वेगळं काढलं. प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींत ते असं बसवतात, की निरोप केंद्रकापर्यंत पोचला की पेशी उजळते. यंत्र तो उजेड मोजतं. निरोप अडवणारं औषध घातलं की उजेड मंदावतो. या पेशींना रिपोर्टर म्हणतात, म्हणजे बातमीदार. पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रात पेशींचं भांडार आहे. तिथून देशभरच्या प्रयोगशाळांना पेशी जातात. हर-टूवरच्या ट्रॅस्टुझुमॅब या औषधाला अमेरिकेत १९९८ साली मान्यता मिळाली. खालाजानना तेच सुरू झालं.

सलाईन चालू असताना आम्ही विचारलं, आधी का नाही सांगितलंत? त्या म्हणाल्या, "बेटा, ये क्या बोलने की बात थी?"

आम्ही गप्प झालो. माणसानं मुक्या पेशीला बोलतं केलं, आणि आम्ही? शरीराचा धडा आला की 'घरी वाचा' म्हणून पान उलटत होतो. मुली माना खाली घालत, आम्हाला सुटल्यासारखं वाटे.

या वर्षी तो धडा आम्ही वर्गात घेतला. शाळा सुटल्यावर एक मुलगी दाराशी घुटमळली. "सर, मेरी अम्मी को भी गाठ है."

त्याच संध्याकाळी बायकोला घेऊन आम्ही तिच्या घरी गेलो.