शिवणीतली माया

शिवणकामातला मला सर्वांत आवडणारा शब्द म्हणजे ‘माया’. शिवणीच्या आत, बाहेरून दिसणार नाही असं जे जास्तीचं कापड सोडतात, ती माया. ब्लाऊज शिवायला टाकताना आपण सगळ्याजणी न चुकता बजावतो, “आत माया ठेवा हं!” मनात एवढंच असतं, की पुढे अंग भरलं तर सोडवता येईल. पण माया नुसती अंग भरण्यासाठी नसते. घरी शिवणाऱ्या बाईचं काम बिघडतं, तेव्हा तिला सावरते ती ही माया. कसं ते सांगते.

आम्ही एकलहऱ्याच्या वसाहतीत राहायला आलो ते १९७९ साली. औष्णिक वीज केंद्राचे १४० मेगावॅटचे पहिले दोन संच १९७० आणि १९७१ मध्येच सुरू झाले होते. आम्ही आलो त्या वर्षी २१० मेगावॅटचा तिसरा सुरू झाला आणि १९८१ पर्यंत तसेच आणखी दोन. माणसं येत होती, बिऱ्हाडं लागत होती. कुणी खानदेशातलं, कुणी वऱ्हाडातलं, कुणी कोकणातलं. बाजार नाशिकरोडला, जास्त निवड हवी तर नाशिकचा मेन रोड. एवढं जायचं, माप द्यायचं, पुन्हा आणायला जायचं, त्यातून बिघडलं तर तिसरी खेप. त्यापेक्षा आपला हात जगन्नाथ बरा! महिनाअखेरीला शिलाईचे पैसे वाचत, ती गोष्ट वेगळीच. म्हणून घरोघर पायमशीन होतं. माझं उषाचं, माहेरून आलेलं. साऱ्या महाराष्ट्राला वीज पुरवणाऱ्या गावात आम्ही बायका मात्र पायानं मशीन मारत होतो!

शाळेचे गणवेश, परकर, अभ्रे, झबली हे सगळं घरीच व्हायचं. तिघीचौघी मिळून एकाच ताग्यातलं कापड घ्यायचो आणि वाटून बेतायचो. अशातच १९८४ च्या सुमाराला मागच्या ओळीत भावाकडे राहायला आलेली एक बाई आमच्यात आली. वय तिशीच्या आत. नवरा आजारपणात गेलेला, पदरात दोन मुलं. भावजय चांगली होती, पण दुसऱ्याच्या घरात किती दिवस राहणार? तिनं शिवण शिकायचं ठरवलं. १९०९ साली रमाबाई रानड्यांनी पुण्यात सेवासदन उभं केलं, तेव्हा तिथे शिकवायच्या विषयांत शिवण होतंच. एकट्या पडलेल्या बाईला घरात बसून चार पैसे मिळवून देणारी ही विद्या. पाऊणशे वर्षांनंतरही आमच्या वसाहतीत तेच खरं होतं.

सहा महिन्यांत तिचा हात बसला. परकर झाले, फ्रॉक झाले, सुती ब्लाऊज झाले. मग तिला पहिलं मोठं काम मिळालं ते नवरीच्या शालूवरच्या ब्लाऊजचं. वसाहतीतल्याच एका वहिनींच्या मुलीचं लग्न होतं. शालूलाच जोडून आलेलं ब्लाऊजपीस, जेमतेम ऐंशी सेंटिमीटर, दोन्ही काठांना जर. तसलं दुसरं कापड बाजारात शोधूनही मिळायचं नाही.

लग्नाला आठ दिवस होते. दुपारी तीनच्या सुमाराला ती पदराखाली काहीतरी झाकून माझ्याकडे आली. तोंड उतरलेलं.

“वहिनी, सगळं संपलं.”

“अगं, काय झालं ते तर सांग.”

तिनं ब्लाऊज पुढे केला. अंग सुरेख बेतलेलं, टक्स जागच्या जागी. दोन्ही बाह्या नुसत्या टाचलेल्या होत्या. उजवी छान बसली होती. डावी मात्र पाठीमागून ओढत होती आणि पुढे तिची चुणी गोळा होत होती. मी बाह्या सोडवून शेजारी शेजारी ठेवल्या. दोन्ही उजव्याच होत्या!

बाहीचा मुंढ्याकडचा गोलावा पुढून जास्त खोल आणि मागून कमी असतो, हे शिवणाऱ्या मैत्रिणींना ठाऊकच आहे. कापड दुहेरी घडी घालून कापलं की डावी-उजवी आपोआप मिळते. पण दोन्ही बाह्यांना जरीचा काठ यायला हवा, म्हणून तिनं एक बाही वरच्या काठाला आणि दुसरी खालच्या काठाला, एकेरी कापडावर कापली. कागद फिरवला, पण उलटा केला नाही. नुसता फिरवून डाव्याचं उजवं होत नाही. त्यासाठी कागद पालथाच घालावा लागतो. बरं, सुती कापड असतं तर बाहीच उलटी वापरली असती. जरीच्या उलट्या बाजूला धागे सुटलेले, तिथे तोही मार्ग बंद.

“मी शालूचे पैसे भरून देईन,” ती म्हणाली. कुठून देणार होती? शालूची किंमत तिच्या कित्येक महिन्यांच्या शिलाईएवढी होती. आणि पैशांपेक्षा मोठी भीती म्हणजे नाव जाण्याची. नवरीचं पातळ बिघडवलं म्हटल्यावर वसाहतीत तिच्याकडे परकर तरी कोण टाकणार?

मी एकच विचारलं, “बाहीला माया किती सोडलीयस?”

“दोन्ही बाजूंना एक-एक इंच.”

“मग रडतेस कशाला?”

आम्ही चहा घेतला आणि कागदावर डाव्या बाहीचा नवा गोलावा काढला. तो कापडावर ठेवून हळूहळू खाली सरकवला. पाऊण इंच खाली आल्यावर तो जुन्या कापाच्या सगळीकडून आत बसला. म्हणजे बाही पाऊण इंच आखूड होणार, पण काठाला धक्का लागणार नाही, कारण कापायचं ते वरून. मात्र बाही खाली निमुळती होत जाते, त्यामुळे काप खाली आणला की दंडात ती अरुंद होते. ती उणीव कुठून भरायची? शिवणीतल्या मायेतून. एका बाजूचा इंच होता, त्यातले पाव इंच उरवून बाकीचं सोडलं. एक बाही आखूड आणि एक लांब नको, म्हणून उजवीही तेवढीच वरून कापली. मशीन न लावता आधी हातानं धावदोरा घालून पाहिला, आणि बाही बसली.

पुढचा भाग मला अधिक महत्त्वाचा वाटतो. ती म्हणाली, “कुणाला कळणार नाही ना?” कळलं नसतं. दृष्टीआड सृष्टी! पण मी म्हटलं, “माप सहा इंचांचं घेतलंस आणि बाही सव्वापाचाची आहे. नवरीच्या आईला तू स्वतःच सांग.” ती गेली आणि काय झालं, का झालं, कसं सावरलं, ते तिनं सरळ सांगितलं. त्या वहिनींनी मुलीला ब्लाऊज घालून पाहिला. हात वर करायला लावला, खाली करायला लावला. बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग विचारलं, “लग्नानंतर पोरगी अंगानं भरली, तर सोडता येईल ना?”

“अंगात पुरा इंच आहे. बाहीत पाव इंच उरलाय.”

“पुरे की,” त्या म्हणाल्या आणि ठरलेली शिलाई हातावर ठेवली. पुढे त्यांच्या धाकट्या मुलीचे ब्लाऊजही तिच्याकडेच आले. तिची दोन्ही मुलं त्या मशीनवर शिकली.

मैत्रिणींनो, शिवण बिघडलं की आपला हात आधी कात्रीकडे जातो. तो आवरायचा. कापलेलं कापड वाढत नाही, शिवलेलं मात्र उसवता येतं. आपल्या मशीनचा टाका दोन दोऱ्यांचा असतो, वरचा रिळाचा आणि खालचा बॉबीनचा, आणि ते कापडाच्या पोटात एकमेकांत अडकतात. या टाक्याच्या मशीनचं पेटंट अमेरिकेत एलियास हॉवनं १८४६ साली घेतलं. धान्याच्या गोणीचं तोंड एका दोऱ्यात सरसर उसवतं, कारण तो साखळीटाका. आपला टाका तसा उसवत नाही. तेव्हा ओढाताण करू नका. एका बाजूचा दर तिसरा-चौथा टाका पात्यानं कापा आणि उलट्या बाजूचा दोरा अलगद ओढून घ्या. कापड ताणलं जात नाही. सुती कापडावरची भोकं पाणी मारून इस्त्री केली की बुजतात. रेशमावर आणि टेरिकॉटवर ती राहतात, म्हणून तिथे पक्की टीप मारण्याआधी धावदोरा घालून अंगाला लावून पाहणं हेच शहाणपण.

नेहमी होणाऱ्या बिघाडांवरचे उपाय थोडक्यात सांगते. ब्लाऊज छातीत घट्ट झाला आणि माया संपली असेल, तर काखेपासून खालपर्यंत दोन्ही बाजूंना सारख्या रुंदीची पट्टी घाला. हात खाली असला की ती दिसत नाही. गळा मोठा होऊन खांद्यावरून घसरत असेल, तर खांद्याची शिवण गळ्याकडून थोडी आत घ्या किंवा पाठीला नाडी लावा. गळ्याची कड लोंबत असेल, तर तिरक्या कापाची पट्टी किंचित ताणून लावा. तिरकं कापड गोलाव्याला वळतं, सरळ पट्टी वळत नाही. फ्रॉक आखूड झाला, तर खाली झालर लावा किंवा कमरेत दुसऱ्या रंगाचा पट्टा घाला, पण तोच रंग कॉलरला किंवा खिशालाही थोडा द्या. म्हणजे ते ठिगळ न वाटता मुद्दाम केलेलं वाटतं! आणि टिपेच्या खालच्या बाजूला दोऱ्याचा गुंता होत असेल, तर बॉबीनला दोष देण्याआधी वरचा दोरा काढून पुन्हा नीट ओवा. बहुतेक वेळा तो ताणाच्या चकत्यांतून निसटलेला असतो.

बिघडूच नये म्हणूनही थोडी काळजी हवी. सुती कापड रात्रभर पाण्यात भिजवून, वाळवून, इस्त्री करूनच बेतावं. नाहीतर पहिल्या धुण्यातच ते आटतं. ‘सॅन्फराइज्ड’ असा छाप असलेलं कापड गिरणीतच दाबून आधी आटवलेलं असतं. ही रीत १९३० च्या सुमारास सॅनफर्ड क्लुएट नावाच्या अमेरिकन माणसानं काढली, आणि त्याच्या नावावरूनच तो शब्द आला. मापाचाही एक घोटाळा होतो. १९५६ च्या कायद्यानं आपल्याकडे मीटर आला, तरी साडी नऊवारीच राहिली आणि शिवणाचं माप इंचातच. वार छत्तीस इंचांचा, मीटर सव्वाएकोणचाळीस इंचांहून थोडा जास्त. जुन्या पुस्तकातला हिशेब वारांचा आहे की मीटरचा, ते आधी पाहून घ्यावं.

आणि मायेचा माझा हिशेब हा असा : ब्लाऊजच्या बाजूंना एक ते दीड इंच, खांद्याला अर्धा, मुंढ्याला अर्धा, गळ्याला पाव. वाढत्या मुलींच्या फ्रॉकच्या घेराला खाली दोन-तीन इंच. यानं कापड थोडं जास्त लागतं, ते लागू द्यावं.

काही वेळा हे सगळं करूनही कापड हातचं जातं. तरी ते वाया जात नाही. ब्लाऊजचं झबलं होतं, झबल्याची टोपी होते, आणि कशाचंच काही झालं नाही तर गोधडी आहेच. आपल्या आज्यांनी फाटक्या लुगड्यांचे थरावर थर घालून धावदोऱ्यानं काढलेल्या गोधड्या आठवा. त्यांत किती बिघडलेली कामं दडली असतील! आभाळ फाटलं तर ठिगळ कुठे लावणार म्हणतात, ते खरंच आहे. पण बाही म्हणजे काही आभाळ नव्हे.

आता एकलहऱ्यात पहिले दोन संच बंद झाले आहेत. विद्युत मंडळाची २००५ साली वेगवेगळ्या कंपन्यांत विभागणी झाली. तयार कपडे घरबसल्या दारात येतात. तरी माझ्याकडे अधूनमधून एखादी सून, एखादी भाची मोबाइलवर बघून कापलेलं काहीतरी घेऊन येते. “मावशी, हे गेलंच ना?” असं विचारते. तयार कपड्यांची सवय झालेल्या या मुलींना शिवणीत पाव इंचच सोडायचं माहीत असतं, कारण दुकानातल्या कपड्यांत तेवढंच दिसतं. कापड वाचवून भराभर माल काढायचा, तर कारखान्याला ते परवडतं. त्या कपड्याचं पुढे काय होतं, ते पाहायला कारखाना येत नाही. घरी शिवणाऱ्या बाईला मात्र तो कपडा वर्षानुवर्षं डोळ्यांसमोर असतो.

म्हणून मी त्या मुलींच्या हातात आधी टेप देते आणि कात्री मागाहून. खडूनं मापाची रेघ ओढायची, तिच्या बाहेर मायेची दुसरी रेघ ओढायची, आणि कात्री चालवायची ती बाहेरच्या रेघेवरून.