हाली आणि कलदार

शब्दांनाही दैव असते. 'हाली' या शब्दाचेच पहा. हाल म्हणजे वर्तमान. हाली म्हणजे सध्याचे, चालू असलेले. हैदराबादच्या निजामाच्या राज्यातल्या नाण्याला 'हाली सिक्का' हे नाव पडले, तेव्हा हे नाणे कधी काळी जुने होईल असे कोणाच्या मनात आले नसेल. आज मराठवाड्यात हा शब्द ऐकायचा तर एखाद्या नव्वदीतल्या म्हाताऱ्यापाशी जाऊन बसावे लागते. जे 'आजचे' म्हणून जन्माला आले, ते 'आमच्या वेळचे' होऊन बसले आहे.

मी नांदेडला शाळेत शिकवते. आजोळ माझे लातूरचे. हाली रुपयाने मी स्वतः काही विकत घेतलेले नाही. माझ्या जन्माच्या वीसएक वर्षे आधीच तो बंद झाला होता. पण लातूरच्या आजीच्या बोलण्यात तो अगदी शेवटपर्यंत चालू होता. कोणी थोडा उणा माणूस भेटला की ती म्हणे, "हाये चांगला, पर हाली हाये." आणि मनापासून कोणाची स्तुती करायची असली की, "कलदार माणूस!" नाणे बंद करणे सरकारच्या हाती असते. ते लोकांच्या जिभेवरून उतरवणे कोणत्याही सरकारला साधलेले नाही.

हा कलदार म्हणजे इंग्रजी मुलखातला रुपया. कळ म्हणजे यंत्र. यंत्रावर पाडलेला तो कलदार. निजामाच्या टांकसाळीत त्या वेळी अजून हातोडा चालत होता. १८५७ च्या उठावापर्यंत हैदराबादच्या नाण्यांवर दिल्लीच्या बादशहाचे नाव असे. दिल्लीची गादी गेली, तेव्हा ते नाव काढून निजामाची पदवी घातली गेली. पुढे विसाव्या शतकाच्या अगदी आरंभी हैदराबादलाही यंत्राचे सुबक नाणे निघू लागले, आणि त्यावर चारमिनार आला.

कलदार आणि हाली शेजारी शेजारी ठेवून पहावेत. कलदारावर राणीचा किंवा राजाचा मुखवटा असतो. कोरीव दाढी, मुकुट, आणि लंडनहून आपल्याकडे न पाहण्याची ती ऐट. हालीवर कोणाचाही चेहरा नाही. मधोमध चार मिनारांची ती इमारत, भोवती फारसी अक्षरे. चारमिनारच्या मधल्या कमानीत एक अक्षर असते. महबूब अली खानांच्या वेळचे नाणे असेल तर 'मीम', आणि शेवटच्या निजामाचे, उस्मान अली खानांचे असेल तर 'ऐन'. राजा नाण्यावर आहे, पण दारात उभ्या असलेल्या एका अक्षराएवढाच. पाहणाऱ्याला आधी दिसते ती इमारत, आणि ती तर १५९१ सालची, म्हणजे निजामांच्या घराण्याहूनही जुनी. रुपयावर राजापेक्षा गवंड्यांनाच मोठी जागा मिळाली, असे मला गमतीने वाटते.

आता भाव. सात हालीला सहा कलदार, हा त्या काळचा रोजचा हिशोब. शंभर कलदार हवे असतील तर एकशे सोळा रुपये, दहा आणे, आठ पै हाली मोजावे लागत. एका कलदाराला एक रुपया, दोन आणे, आठ पै. "आम्ही सातातले सहा," असे म्हणून मराठवाड्यातली जुनी माणसे खिन्नपणे हसत. आपले नाणे शेजाऱ्याच्या नाण्यापेक्षा हलके आहे, ही जाणीव हळूहळू स्वतःविषयीच्या जाणिवेत उतरते. तरीही न्याय करायचा तर या भावात अन्याय नव्हता. हाली रुपयाचे वजन सुमारे ११.१८ ग्रॅम, त्यात चांदी शेकडा ८१.८. कलदाराचे वजन ११.६६ ग्रॅम, त्यात चांदी शेकडा ९१.७. पाटीवर मांडून पहा. दोन्हींतल्या चांदीचे प्रमाण जवळजवळ सहास सातच येते. तराजू खोटे बोलत नव्हता. खिन्नता होती ती तराजूच्या बाहेरची.

या हिशोबाची खरी शाळा म्हणजे लातूर. बार्शी इंग्रजी मुलखात, लातूर मोगलाईत. बार्शी लाइट रेल्वेची ती चिमुकली गाडी १९११ साली लातूरपर्यंत आली आणि लातूरची बाजारपेठ बघता बघता फुगली. १९१७ साली गंजगोलाई उभी राहिली. मध्ये गोल इमारत आणि तिला येऊन मिळणारे सोळा रस्ते. रुपयाचे आणेही सोळा! त्या सोळा रस्त्यांनी माल यायचा, आणि सरहद्द ओलांडली की करोडगिरीचे नाके आणि नाण्याचा बदल. व्यापाऱ्याच्या गल्ल्यात दोन कप्पे असत. दस्तऐवजात नुसते 'रुपये शंभर' लिहून भागत नसे. कोणत्या सिक्क्याचे, तेही लिहावे लागे. आजी बार्शीची. तिचे लग्न ठरले तेव्हा देण्याघेण्याची बोलणी सगळी झाली, सुपारी फुटायची वेळ आली, आणि मग तिच्या चुलत्यांनी विचारले, "पण व्याही, हे आकडे हाली की कलदार?" म्हणे, त्या एका प्रश्नावर बैठक आणखी दोन घटका लांबली. आजी हे सांगताना तोंडाला पदर लावून हसे. तिची किंमत सातात सहाने कमीजास्त होत होती, आणि ती आत माजघरात बसून ऐकत होती.

नोटा आल्या त्या पहिल्या महायुद्धात. चांदीची चणचण पडली, म्हणून १९१८ साली हैदराबादने कागदी चलनाचा कायदा केला आणि दहाच्या व शंभरच्या नोटा काढल्या. पुढल्या वर्षी एकाच्या आणि पाचाच्या आल्या. हजाराची १९२६ साली. आधी त्या लंडनच्या वॉटरलो आणि सन्स या छापखान्यात छापल्या जात, पुढे आपल्या नाशिकला. त्याच १९१८ साली हैदराबादला उस्मानिया विद्यापीठ निघाले. तिथे वरच्या शिक्षणाची भाषा उर्दू; कचेरीत उर्दू, कोर्टात उर्दू. पण नोटेवर मात्र उर्दूच्या जोडीला तेलुगू, कानडी आणि मराठीतही रक्कम छापलेली असे. ज्या मुलाला मराठीतून वरचे शिक्षण मिळत नव्हते, त्याच्या बापाला कर मात्र मराठीत वाचून देता येत होता! राज्याला प्रजेची भाषा पैशापुरती बरोबर कळते, हे मला त्या नोटेने शिकवले.

या नाण्याने राजकारणही पाहिले. २९ नोव्हेंबर १९४७ ला निजामाने भारत सरकारशी 'जैसे थे' करार केला आणि लागोपाठ दोन वटहुकूम काढले. एकाने सोन्याचांदीसारखे मौल्यवान धातू भारतात नेण्यावर बंधने घातली. दुसऱ्याने भारताचे चलन संस्थानात कायदेशीर नाही असे ठरवले. काल बाजारात ज्याला मान होता तो कलदार एका रात्रीत संशयित झाला. इकडे आमच्या नांदेड जिल्ह्यात, ३० जानेवारी १९४८ ला, लढ्यातल्या तरुणांनी उमरीची बँक लुटली. निजामाच्या राज्यातला पैसा निजामाविरुद्धच्या लढ्याच्या कामी आला. त्याच संध्याकाळी दिल्लीत गांधीजींची हत्या झाली. एकाच दिवसाच्या पोटात काय काय मावते!

माझे आजोबा त्या दिवसांत घरी नव्हते. सरहद्दीवरच्या एका कॅम्पात होते. रझाकारांचा काळ, लातूरच्या घरात आजी, पदराशी एक मूल, आणि सासू. पैसा पाठवणारे कोणी नाही. आजीने दळणे घेतली. पहाटे जाते सुरू होई ते उन्हे अंगणात येईपर्यंत. दिवसा गल्लीतल्या घरांतून पापड, शेवया. त्या दळणाच्या पैशांतून मीठमिरची सुटली, आणि वर पै-आणा साठत साठत चांदीचे अकरा रुपये झाले. चारमिनारचे अकरा रुपये. तिने ते तांदळाच्या मडक्यात तळाशी ठेवले. सप्टेंबर १९४८ मध्ये भारतीय फौजा आल्या, सतरा तारखेला निजाम शरण आला, आजोबा घरी परतले. मडके तसेच होते.

मग मराठवाड्याने दहा वर्षांत तीन अंकगणिते शिकली. १९५० मध्ये भारताचा रुपया हालीच्या जोडीने चालू लागला. त्यावर अशोकाचे सिंह आणि गव्हाच्या ओंब्या. १९५१ पासून नवा हाली निघेनासा झाला, पण जुना चालतच राहिला, सातास सहा या भावाने. १ एप्रिल १९५७ ला नये पैसे आले. आण्याचे सहा धरायचे, चार आण्यांचे पंचवीस. म्हणजे बाजारात उभ्या असलेल्या बाईने हालीचे कलदार करायचे, कलदाराच्या आण्यांचे नये पैसे करायचे, आणि वर भाजीही ताजी निवडायची! आपल्या या आज्यांना आपण अडाणी म्हणत आलो. मला मॅट्रिकच्या गणितात जे गुण पडले ते आठवले, की मी हा शब्द वापरत नाही.

१९५९ साली हाली कायमचा बंद व्हायचा होता. आजोबा म्हणाले, "अगं, ते अकरा आण बाहेर. बदलून घेऊ. नऊ रुपये त्रेचाळीस नये पैसे येतील." आजी चुलीपुढून उठलीसुद्धा नाही. म्हणाली, "सरकारनं रुपाया बंद केला आसंल. मी दळलेलं पीठ काय परत जात्यात जातंय व्हय?" आजोबांनी पुन्हा तो विषय काढला नाही. ज्या राज्याविरुद्ध ते कॅम्पात जाऊन राहिले होते त्याच राज्याचे नाणे त्यांच्या घरात जन्मभर राहिले, आणि दर दिवाळीला लक्ष्मीपूजनाच्या ताटात मांडले गेले. आजी गेल्यावर ते आईकडे आले, आईकडून माझ्याकडे. मध्यंतरी एका सोनाराला दाखवले. त्याने वजन केले, सव्वाशे ग्रॅमच्या आतच भरले. "चांदी चोख नाही, मोडीत घट येईल," तो म्हणाला. मी पुडी बांधून घरी आणली.

तीन वर्षांमागे लक्ष्मीपूजनाला माझा भाचा पुण्याहून आला होता. इंजिनिअरिंगला आहे, वाचतो, वाद घालतो. ताटाकडे पाहून म्हणाला, "मावशी, ज्याच्याशी पणजोबा लढले त्याचंच नाणं लक्ष्मीपुढं? आणि हे लिहिलंय तरी काय यावर?" काय लिहिले आहे ते मला ठाऊक होते. शेजारच्या उर्दू शाळेतल्या एका गुरुजींनी मला ते वाचून दाखवले होते. एका बाजूला निजाम-उल-मुल्क आसफजाह बहादुर ही पदवी आणि ९२ हा आकडा. अरबी अक्षरांना अंकांच्या किमती असतात. त्या रीतीने 'मुहम्मद' या नावाची बेरीज ब्याण्णव होते. दुसऱ्या बाजूला टांकसाळीचे नाव, 'फरखुंदा बुनियाद हैदराबाद'. म्हणजे शुभ पायावर वसलेले हैदराबाद. भाच्याला मी यातले काही लपवले नाही. "आणि तरीही?" त्याने विचारले.

मी त्याला आजीच्या दळणाची गोष्ट सांगितली. नाण्यावर छाप राज्याचा असतो हे खरे. तो मोगलाचा असेल, इंग्रजाचा असेल, निजामाचा असेल. पण छाप म्हणजे मालकी नव्हे. ज्याच्या हाताने ते कमावले त्याचे ते नाणे. लक्ष्मी म्हणून आपण पूजतो ती त्या हातातली लक्ष्मी, टांकसाळीतली नव्हे. भाचा बराच वेळ गप्प होता. मग त्याने एक रुपया तळहातावर घेतला आणि विचारले, "मावशी, अकरा रुपये साठवायला किती पायल्या दळाव्या लागल्या असतील गं?"

हालीचे कलदार करता येतात, कलदाराचे नये पैसे करता येतात. हा हिशोब मात्र मला मांडता आला नाही. पुढच्या दिवाळीला चिंचेने घासून ते अकरा रुपये लख्ख करायला तोच बसला.

हाली गेला, पण त्याची टांकसाळ भारत सरकारकडे आली, आणि आजही हैदराबादला नाणी पडतात. ती ओळखण्याची एक युक्ती मी वर्गात मुलांना सांगते. तुमच्या खिशातल्या नाण्यावरच्या सालाखाली पहा. तिथे बारीकशी चांदणी असेल तर ते नाणे हैदराबादचे. मुंबईच्या नाण्याखाली चौकट असते, नोएडाच्या खाली ठिपका, आणि कोलकात्याचे असेल तर काहीच नसते. मग सगळा वर्ग खिसे उलटे करतो. चांदणी सापडली की पोरे ओरडतात. यंदा दिवाळीच्या ताटात नाणी मांडाल, तेव्हा वाचकहो, तुम्हीही सालाखाली एकदा पहा. आणि ते नाणे तुमच्या घरात कोणाच्या हातांनी आले, तेही मुलांना सांगा. ते नाण्यावर कोठेच लिहिलेले नसते.