पान उलटेपर्यंत

गेल्या आठवड्यात व्हायोलिनची पेटी उघडताना राळेचा खडा हातातून निसटला आणि फरशीवर आपटून त्याचे तीन तुकडे झाले. चिमूटभर पिवळट पूड उडाली. तो वास नाकात शिरला आणि मी थेट धोबी तलावच्या लाकडी जिन्याच्या घरात, माझ्या व्हायोलिनच्या सरांच्या डाव्या हाताच्या खुर्चीत जाऊन बसले. सर जाऊन दोन वर्षं झाली. व्हायोलिन तसंच पेटीत ठेवून मी लॅपटॉपवर ‘सर-एअर’ नावाची फाइल शोधली.

फाइल म्हणजे नुसता मजकूर. लिलीपाँड या संगीताची पानं छापणाऱ्या प्रोग्रॅममध्ये लिहिताना पाच रेघा समोर नसतात. स्वराचं नाव अक्षरांत टाइप करायचं, पुढे त्याची लांबी आकड्यात घालायची. 1 म्हणजे पूर्ण स्वर, 4 म्हणजे पाव. सांगून झालं की पान तयार होतं. मूळ सोय डच नावांची आहे, म्हणून फा शार्पला ‘फिस’ लिहावं लागतं. माझी बोटं तिथे अडायची, कारण माझ्या कानात तो स्वर ‘फा सुस्तेनिदो’ आहे. सर गोव्यात, सासष्टीतल्या गावात, चर्चच्या शाळेत सोल्फेज शिकले होते. आधी स्वर गाऊन दाखवायचे, मग व्हायोलिनला हात लावायचा. नंतर कळलं की फाइलच्या सुरुवातीला भाषा पोर्तुगीज आहे एवढं एका ओळीत सांगितलं की झालं. फाच्या पुढे सुस्तेनिदोचा ‘स’ जोडायचा, ‘फास’. त्या दिवशी मी सरांना फोन करून सांगितलं, तुमची भाषा त्याला येते.

हे सगळं सुरू झालं सरांच्या डोळ्यांमुळे. पडद्याची वयाची झीज. रेघा मधेच वाकलेल्या दिसायच्या, पानाचा मधला भाग पुसल्यासारखा. आधी झेरॉक्सवाल्याकडून पान मोठं करून आणलं. स्वर मोठे झाले, तसे मूळ छपाईतले डागही मोठे झाले, आणि ए-थ्री कागद स्टँडवरून पुढे लवंडायचा. ‘टॅबलेटवर बोटांनी मोठं करून बघा की,’ असा सल्ला ज्यांनी ज्यांनी दिला त्यांचा मला अजून राग आहे. मोठं करणं निराळं आणि त्या माणसापुरतं लिहिणं निराळं. बाखच्या तिसऱ्या ऑर्केस्ट्रा सूटमधली ती संथ एअर मी पुन्हा पहिल्यापासून टाइप केली. रेघांचा नेहमीचा आकार 20 पॉइंट असतो, तो 34 केला. ओव्हरराइड लिहून पाच रेघा जाड केल्या. बोटांचे आकडे फक्त तिसऱ्या पोझिशनला जाताना ठेवले. बाकीचे सरांना नको होते.

हान-वेन निनहाउस आणि यान न्यूवेनहाउझेन या दोन डच माणसांनी 1996 मध्ये लिलीपाँडचं काम सुरू केलं. पूर्वीचे कारागीर संगीताची पानं धातूच्या पत्र्यावर पोलादी ठसे ठोकून, सगळं उलटं, आरशातल्यासारखं कोरायचे. त्या पानांतला जिवंतपणा कॉम्प्युटरच्या छपाईत हरवला, हे या दोघांचं दुःख. बाखच्या चेलो सूटची 1950 ची हाताने कोरलेली आवृत्ती आणि 2000 ची कॉम्प्युटरवरची, अशा दोन्ही त्यांनी शेजारी ठेवून दाखवल्या आहेत. नव्या आवृत्तीत उभ्या रेघा एकीखाली एक येतात, सगळ्या ओळी सारख्या दिसतात आणि एकदा नजर हटली की आपण कुठे होतो ते सापडत नाही. हे वाचलं तेव्हा मला सरांचं बोट आठवलं, ओळीवर चाचपडत फिरणारं.

सरांनी तरुणपणी सिनेमाच्या ऑर्केस्ट्रात बरीच वर्षं वाजवलं. हाताने लिहिलेले कागद सकाळी स्टँडवर यायचे, रेकॉर्डिंग झालं की तिथेच राहायचे आणि पुढे रद्दीत जायचे. सरांच्या पेन्सिलीच्या खुणा असलेला त्यातला एकही कागद घरी नव्हता. हे मला आजही सोसत नाही.

ऑर्केस्ट्रात एका स्टँडवर दोन व्हायोलिन असतात. आतल्या बाजूच्याने पान उलटायचं, बाहेरच्याने वाजवत राहायचं. आमच्यात मी आतली. एअर नेहमीच्या आकारात एका पानावर मावते. 34 पॉइंटला दुसरं पान लागलं. दोन्ही पानं शेजारी लावता येईनात, कारण सर कागदाला नाक टेकेल इतके जवळ वाकायचे. आणि पान उलटायला सोयीची विश्रांती त्या सुरावटीत नाही. ‘तूं पान परत, हांव वाजयतां,’ सर कोकणीत म्हणाले.

त्या ठिकाणी माझा बो उचलला जायचा, हात कागदाकडे जायचा आणि खोलीत सरांचं एकट्याचं व्हायोलिन ऐकू यायचं. दीडेक माप. शेजारी वाजवत असताना मला ते कधीच नीट ऐकू आलं नव्हतं. माझाच आवाज मधे असायचा. थोडं खरखरीत, स्वराच्या शेवटाला किंचित खाली झुकणारं. पुढे पुढे मी पान जरा सावकाश उलटू लागले. त्यांना कळलं असावं. बोलले नाहीत.

आता मी एकटीच वाजवते, माझे डोळे चांगले आहेत. त्या फाइलमधला 34 खोडून 20 केला की सगळी एअर एका पानावर येईल, हात मधे थांबायचं कारण उरणार नाही. मी फाइल उघडली, आकड्यापर्यंत गेले आणि आहे तशीच छापली. दोन पानं. स्टँडवर पहिलं लावलं, मागे दुसरं. फुटलेल्या राळेतला मोठा तुकडा बोवरून फिरवला आणि लांब फा सुस्तेनिदोपासून सुरुवात केली. पानाच्या शेवटी बो उचलला, कागदाला हात लावला आणि सावकाश उलटला.