कोसळलं नाही, उतरवलं

4 डिसेंबर 2023, सोमवार. पुण्यात ऑफिसला पोहोचून चहा घेत होते, तेवढ्यात चुलत भावाने फॅमिली ग्रुपवर एक लिंक टाकली आणि लगेच डिलीट केली. पण ज्यांनी उघडायची त्यांनी तोवर उघडली होती. दुंडीगलच्या एअरफोर्स अकॅडमीतून उडालेलं प्रशिक्षण विमान तेलंगणातल्या तूप्रानजवळ कोसळलं होतं. आत एक प्रशिक्षक आणि एक कॅडेट. दोघंही गेले होते.

माझा धाकटा भाऊ तेव्हा तिथेच कॅडेट होता.

त्याचा फोन बंद. तो तसाही दिवसा बंदच असतो, हे मला माहीत होतं. आदल्या रात्री रविवारचा फोन झाला होता, तेव्हा म्हणाला होता, "उद्या सकाळी फ्लाइंग आहे." हे वाक्य मी आईला सांगितलं नाही. तिनेही ते ऐकलं होतं, हे मला नंतर कळलं. अण्णांनी टीव्ही बंद केला आणि रिमोट खिशात घालून बाहेर ओट्यावर जाऊन बसले. मी ऑफिसच्या जिन्यात बसून यूट्यूबवर तेलुगू चॅनल बघत होते. भाषा कळत नव्हती. खडकाळ जमिनीवर काहीतरी जळत होतं, तेवढं कळत होतं.

दीडच्या सुमाराला अनोळखी नंबरवरून फोन आला. "ताई, मी आहे. आईला सांग. ठेवतो."

आई देवापुढे साखर ठेवायला उठली आणि मध्येच थांबली. "दुसऱ्या कुणाच्या तरी घरी आज..." एवढंच म्हणाली आणि वाटी परत कट्ट्यावर ठेवली. त्या दिवशी आमच्या घरी कुणी आनंद केला नाही. सुटलो असं वाटत होतं, आणि तसं वाटल्याची लाजही वाटत होती.

डिसेंबरच्या शेवटी तो सुट्टीवर आला. मी सांगलीला घ्यायला गेले आणि आम्ही तासगावच्या एसटीत बसलो. सगळा वेळ तो खिडकीबाहेर बघत होता. मला वाटलं, गप्प आहे, राहू दे. थोड्या वेळाने स्वतःच म्हणाला, "इथे जमेल."

"काय?"

"उतरवायला. तो हरभरा बघ. मोकळं रान, पीक बुटकं, तारा नाहीत."

ही सवय त्याला खडकवासल्याला लागली. एनडीएत एअरफोर्सच्या कॅडेट्सना सुपर डिमोनावर उडायला शिकवतात. ते मोटरग्लायडर असतं: एक इंजिन, लांब पंख. इंजिन बंद पडलं तरी दगडासारखं खाली येत नाही, तरंगत येतं. पण खाली तर यावंच लागतं, आणि कुठे यायचं हे आपण ठरवायचं असतं. त्यामुळे वर असताना डोकं सतत जागा शोधत असतं. जमिनीवर आल्यावरही ते थांबत नाही.

मग तासगावपर्यंत मी त्याच्या डोळ्यांनी आमचा तालुका पाहिला. द्राक्षबाग सगळ्यात वाईट, कारण लोखंडी अँगल आणि तारा. उसाचा फड वरून गालिच्यासारखा दिसतो, पण तो माणसापेक्षा उंच असतो. भिजवलेलं रान हिरवंगार, मऊ वाटतं. पुढचं चाक चिखलात रुतलं की विमान उलटं होतं. नांगरलेल्या रानात सऱ्यांना आडवं नाही, सऱ्यांच्या दिशेने उतरायचं. विजेच्या तारा वरून दिसतच नाहीत, म्हणून खांब शोधायचे. वारा कुठून आहे ते धुरावरून बघायचं. कुणीतरी पाचट पेटवलेलं असतंच.

"आपलं खालचं रान?" मी विचारलं.

"मधून लाइन गेलीय," तो लगेच म्हणाला. म्हणजे त्याने आधीच बघून ठेवलं होतं.

"आणि इंजिन बंद पडलं की पहिल्यांदा काय करायचं?"

"नाक खाली."

हे मला उलटं वाटलं. त्याने हाताचा पंजा करून दाखवलं. इंजिन गेलं की वेग उंचीतून मिळवावा लागतो, म्हणून नाक खाली. जमीन जवळ आली की माणसाचा हात आपोआप काठी मागे ओढतो, अजून थोडं पुढे जाऊ, रनवे गाठू, म्हणून. पण नाक वर गेलं की वेग मरतो, पंखांवरची हवा सुटते आणि एक पंख खाली पडतो. टेकऑफनंतर लगेच इंजिन गेलं तर मागे वळून रनवेकडे यायचा मोहही असाच. तेवढी उंचीच नसते. समोर जे असेल त्यात उतरायचं. पेट्रोल बंद, स्विच बंद, आणि शेवटपर्यंत उडवत राहायचं.

"विमान मोडणार हे मान्य करायचं," तो म्हणाला. "ज्याला मान्य होत नाही, त्याचं खरंच कोसळतं."

मग मी वाचत गेले. पीसी-7च्या आधी हवाई दलात नवशिके एचपीटी-32 'दीपक'वर शिकायचे. त्याचं इंजिन हवेत बंद पडायचे प्रसंग वारंवार आले आणि त्याला इजेक्शन सीट नव्हती. 31 जुलै 2009ला मेदक जिल्ह्यातच दोन प्रशिक्षक गेले आणि त्यानंतर तो ताफा कायमचा जमिनीवर बसवला. तोवर 17 अपघातांत 19 वैमानिक गेल्याचे आकडे तेव्हा छापून आले होते. आणि हे प्रशिक्षण. युद्ध नाही, शत्रू नाही. 2013मध्ये आलेल्या पीसी-7ला इजेक्शन सीट आहे. तरीही तूप्रानचे दोघे वाचले नाहीत. त्याबद्दल मी भावाला एकच प्रश्न विचारला. त्याने उत्तर दिलं नाही. मी पुन्हा विचारला नाही. सगळ्यांना रान निवडायला वेळ मिळत नाही, एवढं मला कळलं.

5 मार्च 2024ला पुन्हा तसलीच बातमी आली. या वेळी बिहारमध्ये, गयाच्या ऑफिसर्स ट्रेनिंग अकॅडमीचं छोटं मायक्रोलाइट बोधगयेजवळच्या कांचनपूर गावच्या शेतात आलं होतं. आत दोन प्रशिक्षणार्थी, एक मुलगा आणि एक मुलगी. गावकरी धावत गेले. दोघंही सुखरूप. मी ग्रुपवर लिहिलं, 'गयाला ट्रेनिंगचं विमान कोसळलं, पण दोघं ठीक आहेत.'

रविवारी त्याचा फोन आला. आईशी बोलून झाल्यावर मला म्हणाला, "ताई, तू कोसळलं असं का लिहिलंस?"

"सगळीकडे तेच लिहिलंय."

"दोघं चालत बाहेर आले ना? मग कोसळलं नाही ते. उतरवलं."

मी तो मेसेज शोधला. एडिट करायची वेळ टळून गेली होती. मग खाली नवा लिहिला: 'उतरवलं.' आईने त्यावर हात जोडलेला इमोजी टाकला.

आता गावी जाताना मीही एसटीत खिडकीची जागा धरते. हरभरा, खांब, ऊस, द्राक्षबाग, परत हरभरा. या हंगामात आमच्या खालच्या रानात काय घ्यायचं यावर अण्णा आणि काका वाद घालत होते. आई ऐकत होती. मग म्हणाली, "हरभरा करा." का, ते कुणी विचारलं नाही.