राखेचं भांडं

माघ-फाल्गुनात ओल्या काजूच्या बिया चिरायला बसलेल्या बायकांना विळीइतकंच राखेचं भांडं लागतं. बोटं राखेत बुडवायची, बी चिरायची, गर सोडवायचा, पुन्हा राख. काजू इथे कोकणात आणला सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी. राखेची युक्ती कुणाची, ते चुलीलाच ठाऊक. टरफलातलं तेल म्हणजे मुख्यतः अ‍ॅनाकार्डिक आम्ल, सोबत कार्डोल. बिब्बा याच कुळातला, आणि तोंडाला फोड आणणारा आंब्याच्या देठाचा चीकही. या रेणूंना लांब तेलकट शेपटी असते. ते पाण्याला जुमानत नाहीत, कातडीत मुरतात आणि मग कितीतरी दिवस बोटांची सालं निघत राहतात. राख ते तेल पिऊन टाकते, तिच्यातला क्षार आम्लाला भिडतो. हेच तेल होड्यांच्या लाकडाला चोपडतात, कीड लागू नये म्हणून.

माझा राखेवर विश्वास आहे, कारण ती आधी लावतात. अळू चिरण्यापूर्वी हाताला खोबरेल लावायचं तेही याच जातीचं शहाणपण: पानातल्या कॅल्शियम ऑक्झलेटच्या सूक्ष्म सुया मग सहज रुतत नाहीत. मुंगी-विंचू चावल्यानंतरच्या घरगुती औषधांबद्दल मात्र मी साशंक असतो. दुखणं बहुतेकदा आपलं आपण ओसरतं आणि नाव होतं पाल्याचं.

हुमल्यांचा अपवाद. आंब्याकाजूवर पानं शिवून राहणाऱ्या या तांबड्या मुंग्यांना नांगी नसते. त्या चावतात आणि जखमेवर फॉर्मिक आम्ल फवारतात. (मुंग्यांतल्या या आम्लाची नोंद इंग्रज निसर्गशास्त्रज्ञ जॉन रे यांनी १६७१ मध्येच केली होती.) आम्ल वरच असतं, म्हणून चुन्याचं बोट शास्त्राला धरून आहे. पण तोच चुना मधमाशीच्या दंशावर फासला की गणित चुकतं. तिथे त्रास देतं ते मुख्यतः मेलिटिन, आणि ते केव्हाच कातडीखाली पोचलेलं असतं. त्यापेक्षा काटा झटकन काढावा. तो सुटल्यावरही विष ढकलत राहतो.

रापणीत शिंगाळ्याचा किंवा पाकटाचा काटा लागला, तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात पाय बुडवून बसावं, साधारण ४५ अंशांच्या. त्या विषातली प्रथिनं उष्णतेने बिघडतात. या उपायाला मी पूर्ण गुण देतो.

उरला विंचू. काळ्याचं विष बहुधा जिवावर बेतत नाही, म्हणून मंत्र घालणाऱ्यांची कीर्ती टिकली. कोकणातला लाल विंचू वेगळा. त्याच्या विषाने शरीर स्वतःच्याच अ‍ॅड्रेनलिनच्या पुरात सापडतं, हृदय थकतं, फुफ्फुसांत पाणी भरतं. महाडजवळच्या बिरवाडीत १९७६ पासून डॉ. हिम्मतराव बावस्कर असे रुग्ण बघत होते. १९८० च्या दशकात त्यांनी रक्तदाबावरची प्राझोसिन ही साधी गोळी वापरून पाहिली आणि मृत्यू झपाट्याने घटले. त्यांच्या निरीक्षणातली एक गोष्ट घरच्या अनुभवाला उलटी पडते. कळ जबर, पण बाकी माणूस ठीक, तर धोका सहसा कमी. ओकाऱ्या, अंगभर घाम, गार पडलेले हातपाय दिसले, मग दंशाची जागा फारशी दुखत नसली तरी पाला वाटत बसू नये. कणकवलीचं किंवा ओरोसचं रुग्णालय, जे जवळ असेल तिकडे गाडी काढावी.