सारखी वाटणी

मावशीच्या वहीत मृत्युपत्रापेक्षा सुटसुटीत नोंद होती : ‘मोठ्याला घर, धाकटीला आयआरए. दोन्ही तीन-तीन लाख. भांडू नका.’ आम्ही भांडलो नाही. पण दादाचे तीन लाख डॉलर आणि माझे तीन लाख डॉलर यांत किती फरक आहे, ते करसल्लागारापुढे बसल्यावर कळलं.

मावशी १९७० साली ह्यूस्टनला आली आणि निवृत्त होईपर्यंत एका इस्पितळाच्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये राहिली. लग्न केलं नाही. पगारातून कापलेले पैसे निवृत्तीनंतर तिने आयआरएत, म्हणजे स्वतःच्या निवृत्तिखात्यात वळवले. मार्च २०२२मध्ये, अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी ती गेली.

घराचं सोपं झालं. १९८१मध्ये ८० हजारांना घेतलेलं, पण करासाठी त्याची मूळ किंमत धरली ती मावशी गेली त्या दिवशीच्या बाजारभावाने. दादाने काही महिन्यांत साधारण त्याच भावाला विकलं. कर शून्य. आयआरएला ही सवलत नाही. त्या पैशांवर मावशीने कधीच कर भरला नव्हता. तो आता मी भरायचा, काढेन तसा, माझ्या उत्पन्नात मिळवून. मी आणि माझा नवरा दोघंही सॅन होजेत नोकरी करतो, त्यामुळे वरच्या प्रत्येक डॉलरवर केंद्राचे २४ टक्के आणि कॅलिफोर्नियाचे ९.३. पैसा साठला टेक्सासात, जिथे राज्याचा आयकरच नाही. पण कर लागतो मी राहते तिथला. म्हणजे तिसरा हिस्सा सरकारचाच.

खातं माझ्याकडे घेताना फोनवरची मुलगी गोड आवाजात म्हणाली, “सगळ्याचा चेकच पाठवू का?” सल्लागाराने आधीच बजावलं होतं : चेक घेतला की सगळी रक्कम त्याच वर्षाचं उत्पन्न, आणि भाचीला ती परत खात्यात टाकता येत नाही. म्हणून वारसा-खातं उघडून पैसे थेट तिकडे वळवले. त्याच्या पत्रकावर आधी मावशीचं नाव, पुढे ‘मृत’ आणि मग माझं नाव येतं. डोळ्यांना सवय व्हायला वेळ लागला.

डिसेंबर २०१९मध्ये कायदा बदलला नसता तर हे पैसे मी आयुष्यभर थोडे थोडे काढू शकले असते. १ जानेवारी २०२०पासूनच्या मृत्यूंना दहा वर्षांची मुदत; माझी ३१ डिसेंबर २०३२ला संपते. नवरा-बायकोला यातून सूट आहे. मृतापेक्षा दहा वर्षांहून जास्त लहान नसलेल्या वारसालाही आहे. पुण्याची आई मावशीहून तीनच वर्षांनी धाकटी, तिला ती मिळाली असती, फक्त परदेशी म्हणून सहसा ३० टक्के आधीच कापले गेले असते. अविवाहित बाईचं सगळं आजारपण भाचीने काढलं तरी कायद्याच्या लेखी ती लांबचीच. मला हे अजून खटकतं.

शिवाय मावशीच्या वयामुळे तिला दरवर्षी किमान रक्कम काढावी लागतच होती, म्हणून मलाही दर वर्षी काढणं भाग. करखात्याने हे नियम जुलै २०२४मध्ये पक्के केले आणि तोवरच्या वर्षांचा दंड माफ केला. २०२३मध्ये मी ५५ची होते. तक्त्यात त्या वयापुढे ३१.६ हा आकडा आहे, दरवर्षी त्यातून एक वजा करायचा. २०२५ला २९.६ने भागलं, जेमतेम दहा हजार आले. नाही काढले तर तेवढ्यावर २५ टक्के दंड. पण किमान तेवढंच काढत राहिलं तर २०३२मध्ये डोंगर एकदम अंगावर येतो आणि कराचा टप्पाही वर सरकतो. म्हणून मी दरवर्षी त्याच्या तिपटीच्या आसपास काढते. नवरा २०२९ला निवृत्त होईल, मग आणखी.

दादाला हिशेब दाखवला तेव्हा तो फरक द्यायला निघाला. मी म्हटलं, मला नको. पुण्यात आईला सांभाळणाऱ्या बाईंचा पगार आपण निम्मा-निम्मा देतो, तो यापुढे तू एकट्याने दे. पुढच्या महिन्यापासून त्याने सुरू केलं, आणि बाईंचे पैसेही वाढवले.