टोकियोच्या गाडीत वऱ्हाडी

खरं सांगायचं तर मराठी विभागात लिहायची माझी लायकी नाही. मी पक्की कॉन्व्हेंटवाली. कोणी ‘एकोणसाठ’ म्हटलं की फिफ्टी नाइन की सिक्स्टी नाइन, असा हिशेब मनात सुरू होतो! पण मागच्या वर्षी एक सेमिस्टर जपानला जायला मिळालं आणि तिथल्या रोजच्या गाडीत जे शिकले, ते मराठीतच सांगण्यासारखं आहे.

आमचं घर अमरावतीला, राजापेठेत. लहानपणी रेल्वेचं फाटक लागलं की आजी माझा हात घट्ट धरायची आणि आम्ही बडनेऱ्याहून येणारी गाडी बघत उभ्या राहायचो. आता तिथे उड्डाणपूल आणि अंडरपास झालाय. आजीची भाषा अस्सल वऱ्हाडी. “काय करून राहिली व माय?” हा तिचा ठरलेला प्रश्न.

शाळेत मराठी बोललं की दंड, त्यामुळे ही भाषा घरापुरतीच. होस्टेलला आले आणि पहिल्याच आठवड्यात मेसमध्ये “मी जेवून राहिली” म्हणून बसले. अख्खं टेबल हसलं. “जेवायची राहिली की जेवली? काय ते नक्की सांग!” त्या दिवसापासून मी ‘जेवतेय’, ‘करतेय’ बोलायला लागले. फोनवर आजीशीसुद्धा. एकदा ती म्हणाली, “पाहुण्यावानी बोलते व तू आता.” मी हसण्यावारी नेलं.

टोकियोत मी निशी-कासाईला, नात्यातल्या एका काकूंकडे राहत होते. हा भाग एदोगावा वॉर्डात येतो. भारतीय कुटुंबं इथे इतकी की आपले योगेंद्र पुराणिक २०१९ मध्ये या वॉर्डाच्या सभेवर निवडून आले. रोज सकाळी तोझाई लाइनने इइदाबाशीपर्यंत जायचं. गर्दी अशी की हात वर केला तर खाली आणायला जागा नाही. आराकावा नदीचा पूल ओलांडला की गाडी जमिनीखाली शिरायची. एवढी माणसं, पण आवाज नाही. गाडीत मोबाइलवर कोणी बोलत नाही. मग कानांना कामच एक, अनाउन्समेंट ऐकणं. “दोआ गा शिमारिमासु”, म्हणजे दारं बंद होताहेत. माझा पहिला जपानी मास्तर तोच आवाज.

एका हाताने कडी धरायची, दुसऱ्या हातात अक्षरांची कार्डं. हिरागानाची मूळ अक्षरं ४६. क्रम बघा : आ, इ, उ, ए, ओ. मग का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा. ओळखीचा वाटतो ना? बौद्ध धर्माबरोबर तिकडे गेलेल्या सिद्धम् लिपीच्या अभ्यासातून, म्हणजे आपल्या संस्कृतच्या वर्णमालेवरून तो बसवलाय. वाक्यही आपल्यासारखंच, क्रियापद शेवटी. ‘देन्शा दे इकिमासु’, देन्शा म्हणजे गाडी, दे म्हणजे ने. गाडीने जाते. प्रत्यय शब्दाच्या मागे, अगदी विभक्तीसारखे. शाळेत ज्या विभक्तीने मला रडवलं, तीच इथे कामाला आली.

मग वर्गात आलं ‘ते इमासु’. ‘ताबेते इमासु’ याचा अर्थ बाई इंग्रजीतून ‘आय अ‍ॅम ईटिंग’ असा सांगत होत्या. परत येताना गाडीत मी तुकडे पाडले. ‘ताबेते’ म्हणजे खाऊन. ‘इमासु’ म्हणजे असणे, राहणे. खाऊन... राहिली! अरे, ही तर आजीची भाषा! ‘मात्ते इमासु’, वाट पाहून राहिली. ‘योन्दे इमासु’, वाचून राहिली. पुढे आणखी सापडत गेलं. ‘ताबेते मिमासु’ म्हणजे खाऊन पाहते. ‘मोत्ते किमासु’ म्हणजे घेऊन येते. सगळीकडे जमत नाही हो. ‘शित्ते इमासु’ म्हणजे ‘माहीत आहे’, तिथे आपलं ‘राहिली’ चालत नाही. पण वर्गातले बाकीचे जे नियम घोकत होते, ते माझ्या तोंडात आधीपासून होतं. ज्याला मेसमध्ये चूक म्हणून हसले होते, तेच!

त्या संध्याकाळी निशी-कासाईला उतरले आणि प्लॅटफॉर्मवरूनच फोन लावला. भारतातली वेळ साडेतीन तास मागे, म्हणजे आजीचं जेवण होऊन ती पडली असणार. पण तिने उचलला.

“काय करून राहिली व माय?”

“स्टेशनवर उभी राहून तुझ्याशी बोलून राहिली, आजी.”

पलीकडे क्षणभर काहीच नाही. मग म्हणाली, “जेवली का?” एवढंच. पण आवाज बदललेला मला कळला. नंतर बराच वेळ बोललो, दोन-तीन गाड्या सोडल्या असतील समोरून.

आता होस्टेलला परत आलेय. मेसमध्ये मी पुन्हा ‘जेवून राहिली’ म्हणते. कोणी हसलं तर त्याला शेजारी बसवून ‘ताबेते इमासु’ समजावते. आतापर्यंत तिघांनी जपानी शिकायला सुरुवात केलीय. दोघं यवतमाळचे आहेत, त्यांना फार सोपं जातंय!